बुरशीचा मध्यस्थ

अरण्यांत वादळानें उन्मळून पडलेला एखादा प्रचंड वृक्ष कांहीं वर्षांनीं पाहावा, तर त्याच्या खोडांत नख सहज रुततें. आणखी कांहीं वर्षें लोटलीं म्हणजे तो जेथें पडला होता तेथें काळी माती आणि तिच्यावर उगवलेलीं रोपें एवढेंच शिल्लक राहतें. ज्या लांकडाच्या तुळया घरांचा भार पिढ्यान् पिढ्या वाहतात, तेंच लांकूड रानांत करवत वा कुऱ्हाड न लागतां मातीस मिळतें. हें काम जर थांबलें, तर मेलेलीं झाडें एकमेकांवर साठत जातील, त्यांत अडकलेला कर्ब हवेंत परत येणार नाहीं, आणि नव्या झाडांच्या वाट्याचें अन्न जुन्या खोडांतच कोंडून राहील. सृष्टीच्या ह्या मोठ्या देवघेवींत बुरशीचें स्थान पहिलें आहे. बुरशी लांकूड खाते ही गोष्ट आज शाळेंतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु ती तें खाते कशी, ह्या प्रश्नानें शास्त्रज्ञांना शतकाहून अधिक काळ चकविलें. ह्या शोधाचा इतिहास जितका मनोरंजक तितकाच बोधप्रद आहे. कारण त्यांत जेवढें यश आहे, तेवढेच घाईनें काढलेले आणि पुढें सोडून द्यावे लागलेले निष्कर्षही आहेत.

प्रश्नाचें मर्म कळण्यासाठीं लांकडाची घडण थोडी ध्यानांत घ्यावयास हवी. लांकडाचें बळ सेल्युलोज नांवाच्या द्रव्याच्या लांब धाग्यांत असतें. ह्या धाग्यांच्या भोंवतीं लिग्निन नांवाचें दुसरें द्रव्य घट्ट बसलेलें असतें. काँक्रीटच्या खांबांत सळयांभोंवतीं सिमेंट असावें तसाच हा प्रकार होय. लांकडाच्या वजनांत लिग्निनचा वाटा सामान्यतः शेंकडा २० ते ३० इतका असतो. सेल्युलोज ही एकसारख्या कड्यांची सांखळी आहे. एक कडी तोडणारें हत्यार सांपडलें कीं तेंच सर्व कड्यांना चालतें. लिग्निनची रचना मात्र अशी नियमबद्ध नाहीं. त्याचे घटक वेड्यावांकड्या रीतीनें व निरनिराळ्या बंधांनीं एकमेकांत गुंतलेले असतात. एका सांध्यास बसणारी किल्ली पुढच्या सांध्यास बसत नाहीं. म्हणूनच लिग्निन फोडण्यास कापण्याची युक्ति उपयोगी पडत नाहीं. त्याचें ऑक्सिडीकरण करावें लागतें. म्हणजे त्याच्या रेणूंतून विद्युत्कण ओढून काढून तो इतका अस्थिर करावा लागतो कीं तो आपोआप तुटून पडावा. ही एक प्रकारची थंड, ज्वाळारहित जळण्याची क्रियाच म्हणावयाची.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बुरशीकडे हें काम असल्याचीच कोणास कल्पना नव्हती. कुजक्या लांकडांत दिसणारे सूक्ष्म तंतु हे लांकडाच्याच विकृतींतून उत्पन्न होतात अशी समजूत होती. जर्मन वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग ह्यांनीं १८३३ सालीं असे तंतु पाहून त्यांचें वर्णन केलें. परंतु ते बाहेरून आले असतील अशी शंका त्यांना आली नाहीं. त्यांच्याच पुत्रानें, रॉबर्ट हार्टिग ह्यांनीं, १८७४ व १८७८ सालच्या आपल्या ग्रंथांत हा कार्यकारणसंबंध उलटा करून दाखविला. लांकूड कुजतें म्हणून बुरशी येत नाहीं. बुरशी येते म्हणून लांकूड कुजतें. पित्यानें जें पाहिलें त्याचा खरा अर्थ पुत्रानें लाविला, आणि आधुनिक वृक्षरोगशास्त्राचा पाया घातला गेला.

इकडे हा विचार चालू असतां रसायनशास्त्रांत दुसऱ्याच वाटेनें प्रगति होत होती. ओझोन वायूचे शोधक ख्रिस्तियन फ्रीड्रिख शोनबाइन हे स्वित्झर्लंडमधील बाझल येथें अध्यापक होते. कांहीं अळंबीं कापतांच त्यांचा गर निळा पडतो, ह्या साध्या घटनेनें त्यांचें लक्ष वेधलें. १८५५-५६ च्या सुमारास त्यांनीं दाखवून दिलें कीं, अळंब्यांतून मद्यार्कानें काढलेलें रंगद्रव्य एकटें असतां हवेंत निळें होत नाहीं. त्यांत अळंब्याचा ताजा रस मिसळला कीं तें निळें होतें. म्हणजे ह्या क्रियेंत दोन भागीदार आहेत: एक प्राणवायु उचलून देणारा, व दुसरा तो घेणारा. पुढील सर्व कथेचें बीज ह्या लहानशा प्रयोगांत आहे.

ह्यानंतरचें पाऊल जपानांत पडलें. तेथें उरुशी नांवाच्या वृक्षाचा चीक लांकडी भांड्यांना लावून त्यांवर आरशासारखी चकाकी आणण्याची कला फार प्राचीन आहे. ह्या चिकाचा एक गुण कारागिरांना परंपरेनें ठाऊक होता: तो कोरड्या हवेंत वाळत नाहीं, दमट हवेंतच घट्ट होतो. हिकोरोकुरो योशिदा ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञानें ह्या चिकाचें पृथक्करण करून १८८३ सालीं लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकांत आपला निबंध प्रसिद्ध केला. चीक तापविला कीं त्याची घट्ट होण्याची शक्ति नाहींशी होते, असें त्यांना दिसून आलें. ह्यावरून त्यांनीं अनुमान केलें कीं चिकांत एक उष्णतेनें नष्ट होणारें सजीवजन्य द्रव्य असून तेंच हवेंतील प्राणवायूच्या साहाय्यानें चिकाचें कठिण आवरण बनवितें. ज्यास आपण आज विकर, किंवा इंग्रजी शब्दानें एन्झाइम, म्हणतों, त्यांतील ऑक्सिडीकरण करणाऱ्या वर्गाचा हा पहिला स्पष्ट पुरावा होता.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गाब्रिएल बेर्त्राँ ह्यांनीं पुढें व्हिएतनामच्या उत्तरेकडील तोंकिन प्रांतांतून आलेल्या अशाच चिकाचा अभ्यास केला, आणि १८९४-९५ च्या सुमारास त्या विकराचें ‘लॅकेस’ असें नामकरण केलें. ह्या नांवाची व्युत्पत्ति आपल्या दृष्टीनें मौजेची आहे. फ्रेंच ‘लाक’, इंग्रजी ‘लॅकर’ ह्या शब्दांचें मूळ आपल्या ‘लाख’ शब्दांत व त्याच्याही पलीकडे संस्कृत ‘लाक्षा’ शब्दांत आहे. हिंदुस्थानांतील लाख ही किड्यापासून मिळते व जपानी रोगण हें झाडापासून. वस्तु दोन, परंतु व्यापाऱ्यांच्या तोंडीं नांव एकच झालें. सावंतवाडीच्या खेळण्यांवरील लाखकाम आणि पाश्चात्त्य प्रयोगशाळेंतील लॅकेस ह्यांचें शब्दाच्या घराण्यांत असें जवळचें नातें आहे.

बेर्त्राँ व त्यांचे सहकारी एमिल बुर्कलो ह्यांनीं लवकरच दाखविलें कीं हें विकर केवळ वृक्षांच्या चिकांतच नव्हे, तर अळंब्यांतही विपुल असतें. शोनबाइन ह्यांच्या निळ्या अळंब्यांचें कोडें अशा रीतीनें बरेंचसें उलगडलें. परंतु बेर्त्राँ ह्यांना त्याहून पुढें जावयाचें होतें. लॅकेसच्या राखेंत त्यांना मँगॅनीज हा धातु आढळला, आणि मँगॅनीजचे क्षार घातले असतां क्रिया जलद होते असेंही दिसलें. १८९७ सालीं त्यांनीं मँगॅनीजला ‘सहकिण्व’ अशा अर्थाचें नांव दिलें. विकरास एखाद्या लहान साहाय्यकाची गरज असते, हा विचार मोठा दूरदृष्टीचा होता. पण लॅकेसच्या बाबतींत साहाय्यकाची निवड चुकली होती. १९३९ सालीं केंब्रिज येथील डेव्हिड कायलिन व थॅडियस मान ह्यांनीं लॅकेस शुद्ध स्वरूपांत मिळवून त्यांतील धातु मँगॅनीज नसून तांबें आहे असें सिद्ध केलें. मँगॅनीजचा दावा निकालांत निघाला असें तेव्हां वाटलें. परंतु तें प्रकरण, पुढें दिसेल त्याप्रमाणें, पुरतें मिटलें नव्हतें.

आतां लांकडाकडे वळूं. १९२८ सालीं जर्मनींतील वेर्नर बाव्हेनडाम ह्यांनीं एक सोपी परीक्षा शोधून काढली. टॅनिक अथवा गॅलिक आम्ल मिसळलेल्या खाद्यावर बुरशी वाढविली असतां, लिग्निन फोडून लांकूड पांढरें करणाऱ्या जाती आपल्या भोंवतीं तपकिरी वलय उमटवितात. ज्या जाती सेल्युलोज खाऊन लिग्निन बव्हंशीं मागें ठेवतात त्या तसें करीत नाहींत. हें वलय ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकरांचें चिन्ह होय. तेव्हां लिग्निनचा नाश लॅकेसच करीत असावें, असा संशय बळावला. पण संशय व सिद्धि ह्यांत मोठें अंतर होतें, आणि वाटेंत दोन अडचणी उभ्या होत्या.

पहिली अडचण शक्तीची. लॅकेसची विद्युत्कण ओढण्याची शक्ति बेताचीच असते. लिग्निनमधील ज्या घटकांना फिनॉल म्हणतात, ते त्यास झेपतात. पण लिग्निनचा फार मोठा भाग फिनॉलरहित घटकांचा असतो व त्यापुढें लॅकेस हतबल होतें. दुसरी अडचण आकाराची. बुरशींतील लॅकेसचा रेणुभार बहुधा ६० ते ७० हजारांच्या आसपास असतो; निरोगी लांकडाच्या भित्तिकेंतील छिद्रें इतक्या मोठ्या प्रथिनाला शिरण्याइतकीं रुंद नसतात. किल्ल्याच्या तटाशीं सेना येऊन ठाकावी, परंतु दिंडींतून घोडेस्वार आंत जाऊं नये, अशी ही अवस्था होती. तरीही बुरशी किल्ला जिंकीत होती, ही गोष्ट कोणास नाकारतां येत नव्हती.

ह्या कोंडींतून पहिली वाट १९८३ सालीं निघाली. अमेरिकेंतील मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेंत मिंग टिएन व केंट कर्क ह्यांनीं, आणि त्याच वर्षीं ऑरेगन येथें मायकेल गोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम ह्या बुरशींत लॅकेसहून पुष्कळ प्रबळ असें विकर शोधून काढलें. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्यानें तें फिनॉलरहित घटकांवरही हल्ला करूं शकतें. त्यास ‘लिग्निन पेरॉक्सिडेज’ हें नांव मिळालें. शक्तीची अडचण अशी दूर झाली; आकाराची मात्र कायम राहिली, कारण हें विकरही प्रथिनच, व तेंही मोठेंच.

त्या अडचणीवरचा उपाय बुरशीनें स्वतःच तयार ठेविलेला होता. लुंडक्विस्ट व कर्क ह्यांना १९७८ सालीं असें आढळलें होतें कीं ही बुरशी व्हेराट्रिल अल्कोहोल नांवाचें एक साधें द्रव्य स्वतःच्या पेशींत बनवून बाहेर सोडते. अन्न मिळविण्यासाठीं झटणाऱ्या जीवानें असें द्रव्य खर्च करून कां बनवावें, हें कोडेंच होतें. १९८६ सालीं हार्व्ही, शूमेकर व पामर ह्यांनीं एक कल्पना मांडली: विकर ह्या लहान रेणूंतून एक विद्युत्कण काढून घेतें, तो तापलेला, भुकेला रेणु लिग्निनपर्यंत जातो, तेथून आपला तोटा भरून काढतो, आणि परत विकराकडे येतो. विकर जागच्या जागीं राहतें; हेलपाटे मध्यस्थ घालतो. ह्या विशिष्ट रेणूचें तापलेलें रूप फारसें टिकत नसल्यानें तो खरोखर किती लांब जाऊं शकतो ह्याविषयीं पुढें बराच वाद झाला. परंतु मध्यस्थाची कल्पना शास्त्रांत रुजली ती रुजलीच.

आणि येथेंच बेर्त्राँ ह्यांचें मँगॅनीज पुन्हां रंगभूमीवर आलें. गोल्ड ह्यांच्याच प्रयोगशाळेंत १९८४ सालीं आणखी एक विकर सांपडलें. तें लिग्निनला स्वतः शिवत नाहीं. तें मँगॅनीजच्या अणूंतून विद्युत्कण काढतें, आणि बुरशीनेंच सोडलेल्या ऑक्झॅलिक आम्लासारख्या द्रव्याच्या आधारानें तें चेतलेलें मँगॅनीज लांकडांत शिरून काम करतें. १८९७ मध्यें चुकीच्या विकराच्या नांवावर मांडलेला विचार सत्त्याऐंशीं वर्षांनीं दुसऱ्या विकराच्या ठायीं खरा ठरला.

लॅकेसचें भाग्य उजळावयास १९९० साल यावें लागलें. कॅनडांतील कागदलगदा संशोधन संस्थेंतील रोबेर बूर्बोने व मायकेल पेस हे ट्रॅमेटीस व्हर्सिकलर ह्या बुरशीच्या लॅकेसवर काम करीत होते. विकरांची क्रिया मोजण्यासाठीं प्रयोगशाळांत वापरलें जाणारें ‘एबीटीएस’ नांवाचें कृत्रिम द्रव्य मिश्रणांत असतां, लॅकेसला एरव्हीं न झेपणाऱ्या फिनॉलरहित रेणूंचेंही ऑक्सिडीकरण होतें, असें त्यांनीं दाखविलें. मध्यस्थ मिळाला कीं दुबळें विकरही सबळ होतें. ह्या शोधाला त्या काळीं व्यावहारिक महत्त्व मोठें होतें. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास, क्लोरीननें लगदा पांढरा करणाऱ्या कागदगिरण्यांच्या सांडपाण्यांत डायॉक्सिन वर्गांतील विषारी द्रव्यें आढळलीं होतीं व पाश्चात्त्य देशांत त्याविषयीं लोकमत क्षुब्ध झालें होतें. बुरशीच्या रीतीनें लगदा पांढरा करतां आला तर क्लोरीनची गरजच उरणार नाहीं, अशी आशा उत्पन्न झाली. हायड्रॉक्सिबेंझोट्रायझोल नांवाचें दुसरें कृत्रिम द्रव्य ह्या कामीं अधिक समर्थ ठरलें. पण तें महाग होतें, विषारीपणाच्या शंकेंतून मुक्त नव्हतें, आणि विकरालाही हळूहळू निकामी करीत होतें.

मग स्वाभाविकच प्रश्न उभा राहिला: बुरशीजवळ स्वतःचा असा मध्यस्थ नाहीं काय? ह्याचें उत्तर एका सुंदर बुरशीनें दिल्यासारखें वाटलें. पिक्नोपोरस सिन्नाबारिनस ही पडलेल्या ओंडक्यांवर शेंदरी रंगाच्या फळ्यांसारखी उगवते. ती लिग्निन उत्तम फोडते, परंतु तिच्या द्रवांत प्रबळ पेरॉक्सिडेज विकरें आढळत नव्हतीं. आढळत होतें तें केवळ लॅकेस. स्वीडनमध्यें दीर्घकाळ काम करून अमेरिकेंतील जॉर्जिया विद्यापीठांत आलेले कार्ल-एरिक एरिक्सन, आणि त्यांचे सहकारी क्लाउडिया एगर्ट, उलरिके टेम्प व जेफ्री डीन, ह्यांनीं १९९६ सालीं जाहीर केलें कीं ही बुरशी ३-हायड्रॉक्सिअँथ्रानिलिक आम्ल नांवाचें द्रव्य बनविते व तेंच लॅकेसचें मध्यस्थ होय. ह्या द्रव्याचा रेणुभार अवघा १५३. म्हणजे विकराच्या सुमारें चारशेंवा हिस्सा. तें आपल्या मनुष्यांच्या शरीरांतही ट्रिप्टोफॅन नांवाच्या अन्नघटकापासून तयार होत असतें. प्रयोगनळींत त्याच्या मदतीनें लॅकेसनें कृत्रिम लिग्निनचे तुकडे पाडून दाखविले. इतकेंच नव्हे, तर लॅकेसच्या क्रियेनें ह्याच द्रव्याचे दोन रेणु जोडले जाऊन सिन्नाबारिनिक आम्ल हें लाल द्रव्य बनतें. बुरशीचा शेंदरी रंग म्हणजे जणूं कामावरून परतलेल्या मध्यस्थांची खूणच! पुढच्याच वर्षीं, लॅकेस बनवूं न शकणाऱ्या ह्याच बुरशीच्या वाणांत लिग्निन फोडण्याची शक्ति अतिशय क्षीण झाल्याचें व बाहेरून लॅकेस घातल्यावर ती परत आल्याचें सांगण्यांत आलें.

चित्र पूर्ण झाल्यासारखें दिसत होतें. परंतु शास्त्राचा न्याय मोठा कठोर असतो. एखादा रेणु हा नैसर्गिक मध्यस्थ आहे असें म्हणावयाचें, तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. तो बुरशी स्वतः बनविते काय? तो प्रयोगनळींत काम करतो काय? आणि तो काढून घेतला तर बुरशीचें काम थांबतें काय? पहिल्या दोन कसोट्यांस ३-हायड्रॉक्सिअँथ्रानिलिक आम्ल उतरलें होतें. तिसरी कसोटी एरिक्सन ह्यांच्याच गटानें लाविली. हें आम्ल बनवूं न शकणारे वाण त्यांनीं मिळविले. आणि २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें त्या वाणांनींही लिग्निन फोडण्याचें काम चालूच ठेविलें. तेव्हां ह्या बुरशींत त्या द्रव्याकडे मुख्य भूमिका नाहीं, हें मान्य करावें लागलें. पुढें २०१४ सालीं ह्या बुरशीचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यांत आला, त्या वेळीं तर असें दिसलें कीं तिच्यापाशीं निरनिराळ्या प्रकारच्या पेरॉक्सिडेज विकरांचीं जनुकेंही आहेत. केवळ लॅकेसवर गुजराण करणारी बुरशी ही तिची ख्याति त्यामुळें टिकली नाहीं. ज्या हातांनीं सिद्धान्त उभारला त्याच हातांनीं तो तपासून पाहिला, हा ह्या इतिहासांतील सर्वांत अभिमानाचा प्रसंग मानावयास हरकत नाहीं.

मग मध्यस्थाची कल्पनाच फोल ठरली काय? तसें नाहीं. चूक होती ती एकाच नायकाचा शोध करण्यांत. २००० सालीं ग्योटिंगेन येथील योहानेस व मायशेर्चिक ह्यांनीं दाखविलें कीं बुरशींत आढळणारीं हायड्रॉक्सिबेंझॉइक आम्लासारखीं अनेक साधीं द्रव्यें लॅकेसचे मध्यस्थ होऊं शकतात. २००५ सालीं माद्रिद येथील सुसाना कामारेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिरिंजाल्डिहाइड व अॅसिटोसिरिंगोन ह्या द्रव्यांच्या साहाय्यानें लॅकेसकडून चिवट रंगांचा नाश करवून घेतला. हीं द्रव्यें लिग्निनच्याच मोडतोडींतून निघतात. म्हणजे पडलेल्या भिंतीच्या विटा उचलून उरलेली भिंत फोडावी, तसा हा प्रकार. तपकिरी कूज आणणाऱ्या बुरशींनीं तर विकरांना जवळजवळ बाजूस ठेवून वेगळाच मार्ग धरला आहे. १९९९ सालीं मॅडिसन येथें ग्लिओफायलम ट्राबियम ह्या बुरशीविषयीं आढळलें कीं ती हायड्रोक्विनोन वर्गांतील एक लहान रेणु लांकडांत पाठविते. तो लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड ह्यांची गांठ घालून देतो, आणि त्यांतून निघणारा अतितीव्र कण समोर येईल तें जाळतो. लोह आणि पेरॉक्साइड ह्यांची ही विलक्षण क्रिया केंब्रिजच्या हेन्री फेंटन ह्यांनीं १८९४ सालीं वर्णिली होती. बुरशी ती युगानुयुगें वापरीत होती.

व्यवहारांतही ह्या ज्ञानाचा उपयोग झाला आहे. लॅकेस व मध्यस्थ ह्यांच्या जोडीनें डेनिम कापडाचा निळा रंग फिका करण्याची पद्धति १९९० नंतरच्या दशकांतच बाजारांत आली. कागदाच्या लगद्यावर व रंगाच्या सांडपाण्यावर नैसर्गिक मध्यस्थांचे प्रयोग पुष्कळ झाले. कागदाच्या क्षेत्रांत मात्र गिरण्यांनीं मुख्यतः क्लोरीन वायूच्या जागीं क्लोरीन डायॉक्साइड स्वीकारून डायॉक्सिनचें संकट बरेंच कमी केलें, आणि बुरशीच्या मध्यस्थाकडून जी मोठी क्रांति अपेक्षिली होती ती त्या प्रमाणांत झाली नाहीं.

शोनबाइन ह्यांच्या निळ्या अळंब्यापासून पिक्नोपोरसच्या जनुकसंचापर्यंतचा हा सुमारें एकशें साठ वर्षांचा प्रवास. त्यांत प्रत्येक पिढीला वाटलें कीं लांकूड फोडणारें हत्यार आपल्या हातीं लागलें. आणि प्रत्येक वेळीं पुढील पिढीला दिसलें कीं तें अनेकांपैकीं एक आहे. जीवाचा निर्वाह ज्या कामावर अवलंबून आहे, तें काम बुरशीनें एकाच नोकराच्या भरंवशावर सोडलेलें नाहीं. एक मध्यस्थ काढून घेतला तरी खोड कुजतें, माती होते, आणि तिच्यावर नवें रोप उगवतें. संशोधकाला ज्यानें हरविलें, त्याच गुणामुळें अरण्य टिकून आहे.